सक्ती नाही, फक्त उजळणी

‘शाळा’ हा शब्द निघाला की आमचे भाऊजी चष्मा काढतात. पुसत नाहीत, नुसता हातात धरतात आणि समोरच्याकडे बघून मंद हसतात. ते हसू दिसलं की जाणकार पाहुणे चहा संपवून उठतात. नवखे बसून राहतात, आणि मग त्यांना जॉन होल्ट ऐकावा लागतो. होल्ट हा अमेरिकेतला पाचवीचा शिक्षक. वर्गातली मुलं गणित शिकत नाहीत, बाईंना हवं ते उत्तर बाईंच्याच चेहऱ्यावरून कसं काढून घ्यायचं तेवढं शिकतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने १९६४ साली तसं पुस्तक लिहिलं आणि पुढे शाळांवरचा विश्वासच उडाल्यामुळे ‘मुलांना घरी शिकू द्या’ असं सांगत तो गावोगाव हिंडला. तो हिंडला ते अमेरिकेत. त्याचा राहिलेला दौरा भाऊजी सिंहगड रस्त्यावर पूर्ण करतात.

‘पण हे कायद्यात बसतं का हो?’ असं कोणीतरी विचारतंच. भाऊजी त्याचीच वाट बघत असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. न घातल्यास पालकाला काय दंड, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ‘म्हणजे कर्तव्य आहे, दंड नाही,’ भाऊजी म्हणतात. दंड नसलेल्या कर्तव्याचं पुण्यात काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

तर भाऊजींनी त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, दुसरीतच शाळेतून काढलं. तिचं खरं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण घरात सगळे ठकीच म्हणतात. ठकी आता अकरा वर्षांची आहे. ती वाटेल ते वाचते, पोहते, सायाळ आणि साळुंकी यांतला फरक न विचारता सांगते, मंडईत भाव करते आणि रिक्षावाल्याशी अस्खलित हिंदीत भांडते. यातलं काहीही कोणी तिला बसवून शिकवलेलं नाही. ‘आपोआप आलं,’ भाऊजी म्हणतात. आपोआप हा त्यांचा लाडका शब्द. भाषा आपोआप येते, इतिहास आपोआप येतो, विज्ञान तर स्वयंपाकघरात सांडलेलंच असतं.

फक्त गणित आपोआप येतं यावर भाऊजींचा काडीचा विश्वास नाही.

हे त्यांचं एकट्याचं नाही. मुलांना घरी शिकवणारे जे चार-दोन पालक मी पाहिले आहेत, त्या सगळ्यांची श्रद्धा भागाकारापाशी येऊन डळमळते. कारणही उघड आहे. भाषा चुकली तर तिला बोली म्हणता येतं. इतिहास चुकला तर दृष्टिकोन म्हणता येतं. तेरा साते चुकले की चुकलेच.

इतके दिवस भाऊजींनी ही भीती बेनेझेट नावाच्या माणसाच्या आधाराने दडपून ठेवली होती. हा न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावच्या शाळांचा मुख्याधिकारी. १९२९ साली त्याने काही वर्गांत औपचारिक अंकगणित सहावीपर्यंत बंदच करून टाकलं. तेवढा वेळ मुलांनी वाचायचं, बोलायचं, अंदाज बांधायचे. पुढे सहावीत गणित सुरू केल्यावर त्या मुलांनी वर्षभरातच बाकीच्यांना गाठलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. ठकीला पाढे येत नाहीत असं कोणी सुचवलं की भाऊजी बेनेझेटला पुढे करत. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सगळी वर्षं बेनेझेटने निभावून नेली. यंदाच्या एप्रिलमध्ये ठकीच्या वयाच्या मुलींची पाचवीची परीक्षा झाली आणि बेनेझेटची मुदत संपली. वॉरंटी संपलेल्या फ्रिजचा प्रत्येक आवाज जसा आपल्याला ऐकू यायला लागतो, तसं भाऊजींना ठकीचं प्रत्येक ‘साधारण’ आणि ‘अंदाजे’ ऐकू यायला लागलं.

अशा अवस्थेत माणसाने लग्नाला जाऊ नये. भाऊजी गेले. मराठी लग्नात एक तरी निवृत्त गृहस्थ असे असतातच की ज्यांना लहान मूल दिसलं की पाढा आठवतो. त्यांनी ठकीला गाठलं.

‘काय गं, तेरा साते?’

‘तुम्हाला कशासाठी हवंय?’ ठकीने विचारलं.

यात उद्धटपणा अजिबात नव्हता. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न मुलांना विचारू नये, हे भाऊजींच्या घरचं पहिलं कलम. तेव्हा या आजोबांना तेराचे सात संच कुठल्याशा कामासाठी लागत असणार, आणि काम कळलं तर मदत करता येईल, असा तिचा शुद्ध हेतू होता. आजोबांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. ‘एक्क्याण्णव,’ ते म्हणाले. ठकीला नाही, भाऊजींना. आणि सांत्वनाला आल्यासारख्या आवाजात.

त्या रात्री लॅपटॉपवर एक एक्सेल शीट तयार झालं. भाऊजी हिंजवडीतल्या एका कंपनीत कसल्याशा प्रकल्पांचे प्रमुख आहेत आणि बहुतेक काम घरून करतात, त्यामुळे त्यांची प्रत्येक काळजी अखेर एक्सेलमध्ये उतरते. शीटचं नाव होतं ‘उन्हाळी उजळणी’. सकाळी साडेसात ते सव्वाआठ. सोमवारी अपूर्णांक, मंगळवारी भागाकार, बुधवारी कोन. हिरवा रंग झालं, पिवळा चालू, तांबडा बाकी.

‘याला वेळापत्रक म्हणतात,’ ताई म्हणाली.

‘छे, छे. सक्ती नाही. फक्त उजळणी.’

‘जे शिकवलंच नाही त्याची उजळणी कशी करणार आहेस?’

या प्रश्नाला भाऊजींनी पिवळा रंग दिला.

साडेसातला फोनवर टण् टण् टण् असे टोल वाजू लागले. भाऊजींच्या मते ती घंटा नव्हती, रिमाइंडर होता. पहिल्याच दिवशी ठकीने मुद्दा काढला की ही मे महिन्याची सुट्टी आहे.

‘तुला कसली सुट्टी? तुला शाळाच नाही.’

‘बाबा, शाळा नाही म्हणजे वर्षभर सुट्टी, असं आत्याआजी म्हणाली तेव्हा तू किती चिडला होतास. तू म्हणालास, घरी शिकणं म्हणजे सुट्टी नव्हे.’

‘बरोबरच आहे. तू वर्षभर शिकतच असतेस.’

‘मग मला सुट्टी मिळालेलीच नाही. राहिलेली सगळी एकदम घेते.’

हे ऐकून भाऊजींना आतून आनंद झाला असणार, कारण युक्तिवादात कुठे फट नव्हती. मुलीने असंच बोलावं म्हणून तर त्यांनी तिला शाळेतून काढलं. पण तांबडा रंग तांबडाच राहिला.

मग त्यांनी डाव बदलला. गणित समोरून येऊ द्यायचं नाही. जगण्यातून, नकळत, मागच्या दाराने आणायचं. हापूसची पाच डझनांची पेटी आली. एरवी पेटी आली की पेंढा बाजूला करायचा, वास घ्यायचा, नरम आंबे आधी संपवायचे, एवढंच काम. भाऊजींनी पेटीभोवती सभा बोलावली.

‘ठके, यातले समजा एकतृतीयांश आंबे पिकले असतील, तर आज रसाला किती मिळतील?’

ठकीने पेटीकडे पाहिलंच नाही. ती बाबाकडे पाहत होती. ‘बाबा, हे गणित आहे का?’

‘गणित कुठे? आंबे आहेत.’

‘मग समजा कशाला? बघू ना किती पिकलेत.’

तिने फतकल मारली आणि एकेक आंबा देठापाशी हुंगून वेगळा काढायला सुरुवात केली. तेवीस निघाले. भाऊजींना वीस हवे होते. साठांतले तेवीस हा असा अपूर्णांक आहे की त्याला कुठल्याच संख्येने वर-खाली भाग जात नाही, आणि धडा तर ‘अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणे’ हा होता. तेव्हा भाऊजींनी इकडेतिकडे बघून तीन पिकलेले आंबे हळूच पेटीत परत ठेवले. ताईने ते पाहिलं. त्या तीन आंब्यांवरून त्या घरात जे बोलणं झालं ते मी इथे देत नाही.

जेवताना दुसरा प्रयोग. एक आंबा, माणसं चार. ‘प्रत्येकाला किती?’

‘बाठा कोणाला?’ ठकीने विचारलं.

‘बाठा सध्या धरू नकोस.’

‘का? बाठ्यालाच तर जास्त चव असते.’

आंब्याचे चार समान भाग होत नाहीत, मधे बाठा येतो, ही गोष्ट भाऊजींच्या लक्षात सुरी चालवल्यावर आली. भागाकारातली ‘बाकी’ समजावून द्यायला याहून बरी संधी अख्ख्या उन्हाळ्यात मिळाली नसती. पण ती सुचून तोंडापर्यंत येईतो बाकी ठकीच्या तोंडात होती.

यानंतर ठकीला गणिताचा वास येऊ लागला. भाऊजींनी साधं ‘किती वाजले गं?’ विचारलं तरी ती आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघे. एसटीने आजोळी यायला निघाले होते. स्वारगेटला भाऊजी सहज म्हणाले, ‘बघ हं, गाडी तासाला पन्नास किलोमीटरने गेली...’ ठकीने पुढचं ऐकलंच नाही. ‘कंडक्टर काकांना विचारते,’ म्हणत ती पुढच्या सीटवर जाऊन बसली ती महाबळेश्वरचा घाट येईपर्यंत तिकडेच.

खरं गणित पुण्यातल्या घरी गच्चीवर चालू होतं, आणि भाऊजींना त्याचा पत्ता नव्हता. भाऊजींच्या आई साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या. आजी प्राथमिक शाळेत गेल्या त्या सोळा आण्यांच्या रुपयात. १९५७ च्या एप्रिलपासून सरकारने रुपयाचे शंभर नवे पैसे केले, पण आजींच्या डोक्यात कुठल्याही वस्तूचे तुकडे अजून पाव, अर्धा, पाऊण अशाच सांध्यांवर पडतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी हे पाढे त्यांना पाठ आहेत. साडेतीनाची औटकीसुद्धा. कावळे हाकलायला ठकीला नेमलं होतं. मजुरी शंभर पापड्यांमागे बारा रुपये. पहिल्या दिवशी साडेतीनशे पापड्या झाल्या. आजींनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि बेचाळीस रुपये मोजून दिले.

‘कसे केलेस?’ ठकीने विचारलं.

‘औटकीने. बाराचे औट बेचाळीस.’

ठकीला बेचाळीस मान्य होते, दर मान्य नव्हता. ऊन फार आहे, दर साडेबारा हवा, असं तिचं म्हणणं. आजी घासाघीस करणाऱ्यातल्याच, पण दुपारच्या झोपेची वेळ होत आली होती. त्या कबूल झाल्या आणि वरचा म्हणून त्यांनी अर्धा रुपया काढला. ठकी बोटांवर काहीतरी करत राहिली. मग म्हणाली, ‘आजी, साडेतीन शेकडे आहेत ना? मग साडेतीन अर्धे. पावणेदोन रुपये झाले. मला पावणेचव्वेचाळीस पाहिजेत.’

आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. नातीला गणित येतं याचं त्यांना काही वाटलं नाही. नात फसत नाही याचं वाटलं. त्यांनी कनवटीची पिशवी पुन्हा उघडली.

नेमके तेव्हाच भाऊजी कपडे वाळत घालायला वर आले होते. बादली तिथेच ठेवून ते म्हणाले, ‘ठके! म्हणजे तुला दशांश अपूर्णांकांचा गुणाकार येतो!’

‘दशांश नाही बाबा, पैसे आहेत,’ ठकी म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून तिने कावळ्यांचं काम सोडलं.

मधे काही दिवस भास्कराचार्यांचे गेले. लीलावती हा ग्रंथ ११५० चा, आणि त्यांनी तो आपल्या मुलीसाठी लिहिला अशी आख्यायिका. त्यावरून भाऊजींच्या लेखी भास्कराचार्य हे घरी शिकवणारे आद्य बाबा ठरले. मोर आणि साप यांचं उदाहरण त्यांनी अगदी रंगवून सांगितलं: नऊ हात उंच खांब, खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, आणि सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालेला साप. मोर तिरका झेपावतो, दोघेही सारखंच अंतर कापतात; तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर बारा. ठकीला तीन शंका होत्या. मोर आणि साप एकाच वेगाने कसे जातील? साप वाचला का? आणि लीलावतीला मे महिन्यात सुट्टी होती का? पहिल्या शंकेला भाऊजी म्हणाले, ‘तसं धरायचं असतं.’ दुसरीला म्हणाले, ‘ते दिलेलं नाही.’ तिसरीला काहीच म्हणाले नाहीत.

एवढ्या खटपटीत एकच अस्सल गोष्ट त्यांच्या हाती लागली. देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी शिकवलं आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळले. त्यांचा हा खेळ १९४९ चा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोहोचता आणि तिथून हलत नाही. बाहेरच्या जगाला कापरेकर बरेचसे कळले ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली एका अमेरिकी मासिकात लिहिल्यावर. आपल्याकडे तोवर अनेकांना ते जरा विक्षिप्त मास्तर वाटत. भाऊजींनी हे ठकीला जाता जाता सांगितलं, कारण त्यांना मीटिंग होती. शिकवायला वेळ नव्हता, म्हणूनच ते लागू पडलं असावं.

पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर चार अंकीच असतात, हे ठकीच्या लक्षात आलं. तिने खडू घेतला. ४३०२ नंबरची पांढरी गाडी होती. ४३२० वजा २३४, आले ४०८६. त्यावर पुन्हा, ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या फेरीला, फरशीच्या पार टोकाशी, ६१७४. ती किंचाळली. इमारतीतली सुट्टीवरची सगळी पोरं गोळा झाली. कोणाच्या बाबांची गाडी किती फेऱ्यांत पोहोचते यावर शर्यती लागल्या. १२१२ वाल्या स्कूटरने चार फेऱ्यांत बाजी मारली. ८१७२ ला एक जण ८२७२ लिहून गेला, तर ठकीने त्याला हातचा कसा विसरतो ते ओरडून समजावलं. वॉचमन काका खुर्ची घेऊन पंच म्हणून बसले. आरटीओत जादा पैसे भरून ७७७७ घेतलेले सोसायटीचे अध्यक्ष संध्याकाळी आले, तेव्हा ठकीने त्यांना अदबीने सांगितलं, ‘काका, तुमच्या गाडीचं पहिल्याच फेरीत शून्य झालं.’

हे सगळं भाऊजी गॅलरीतून बघत होते. मी शेजारीच उभा होतो आणि त्यांची बोटं हलताना मला दिसत होती. ते मोजत होते. ‘हातच्याची वजाबाकी, नाही म्हटलं तरी साठ उदाहरणं,’ ते पुटपुटले. मी म्हटलं, ‘भाऊजी, खाली जाऊ नका.’ ते गेले. त्यांच्या काखेत दोनशे पानी वही होती.

‘शाबास!’ ते म्हणाले. ‘आता हे सगळं फक्त नीट वहीत उतरवून काढ, म्हणजे वजाबाकीची उजळणी पूर्ण.’

ठकीने फरशीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. ‘हे गणित होतं?’ ती म्हणाली. खडू तिने वॉचमन काकांच्या हातात दिला आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने वर गेली. बाकीची पोरं वही पाहूनच पांगली होती. वॉचमन काका मात्र अजूनही पाहुण्यांच्या गाड्यांची नोंद करताना रजिस्टरच्या समासात प्रत्येकीला ६१७४ पर्यंत नेऊन सोडतात.

शेवटचा घाव मुक्त विद्यालयाच्या माहितीपुस्तकाने घातला. घरी शिकणारी बरीच मुलं दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसतात. त्याला वय चौदा पूर्ण लागतं, म्हणजे ठकीला अजून तीन वर्षं अवकाश. पण तांबड्या चौकटी बघून भाऊजींना झोप येईना, म्हणून त्यांनी ते पुस्तक छापून काढलं आणि ‘पुढे काय आहे ते तिला दिसू दे’ म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ठकी कुठलंही कागदपत्र वाचतेच. तिने ते चिवडा खाता खाता पहिल्या पानापासून वाचलं.

‘बाबा, पाच विषय लागतात. त्यात एक तरी भाषा पाहिजे. बाकीचे आपण निवडायचे.’

‘हो, हाच तर मोठा फायदा! स्वातंत्र्य!’

‘गणित घ्यायलाच पाहिजे असं कुठे नाहीये. मी मराठी, इंग्रजी, चित्रकला, संगीत आणि गृहविज्ञान घेते.’

भाऊजींनी पुस्तक ओढून घेतलं. ते पान त्यांनी दोनदा वाचलं, उलटून मागचंही वाचलं. मुक्त विद्यालयाची स्तुती करणारी त्यांची सगळी भाषणं मला आठवत होती, त्यांनाही आठवत असावीत. ‘निवड अर्थातच तुझी,’ ते सावकाश म्हणाले. ‘फक्त ती पूर्ण माहितीवर आधारलेली असावी.’

‘पूर्ण वाचलं मी. शेवटच्या पानापर्यंत.’

ताई तोंडाला पदर लावायला गेली. ड्रेस होता म्हणून तिने वाटी लावली.

त्यानंतर दोन दिवस भाऊजी गप्प होते. साडेसातचे टोल बंद झाले. ‘उन्हाळी उजळणी’ची फाइल मिटली. तिसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो होतो. ताईने नाचणीच्या भाकऱ्या केल्या होत्या, वर लोण्याचा गोळा. ठकीने पहिला तुकडा मोडला आणि भाऊजी सहज, अगदी सहज म्हणाले, ‘ठके, या भाकरीत लोह जास्त असेल की कॅल्शियम?’

ठकीचा हात ताटातच थांबला.

‘बाबा, हे गृहविज्ञान आहे का?’